लग्न मोडलं तर व्हिसाचं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नात्यावर परदेशी गेलेल्या, आणि आता ते नातं मोडलेल्या किंवा मोडू घातलेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बरीचशी गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे, मडगाव इथली. काही थेट इंग्लंडमधल्या स्विंडनहून आणि दुबईहून. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

उत्तरांआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती जवळजवळ प्रत्येक पत्रात चुकलेली दिसते. ‘लग्न मोडलं’ ही घरच्या बोलण्यात एकच घटना असते. कायद्याच्या वहीत तिच्या चार वेगळ्या तारखा होतात. एकत्र राहणं थांबलं ती, घटस्फोटाचा अर्ज कोर्टात दाखल झाला ती, अंतिम आदेश निघाला ती, आणि ज्याच्या नात्यावर तुम्ही गेलात तो माणूस तो देश सोडून गेला ती. प्रत्येक देश यातली आपली अशी एक तारीख धरतो. कुठलीही सही करण्याआधी, नोकरी सोडण्याआधी आणि गोव्याचं तिकीट काढण्याआधी या चारही तारखा कागदावर लिहून काढा. पुढची सगळी उत्तरं त्या कागदाच्या आधाराने वाचा.

प्रश्न : आमचं लग्न फोंड्याला जानेवारी २०२० मध्ये नोंदलं गेलं. नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट. तो बरीच वर्षं स्विंडनला आहे. मी मे २०२२ मध्ये फॅमिली परमिटवर आले आणि मला प्री-सेटल्ड स्टेटस मिळालं. गोदामात काम करते. आठ महिन्यांपूर्वी तो वेगळा राहायला गेला. आता म्हणतो, ‘घटस्फोट देतो आणि व्हिसा रद्द करून तुला घरी पाठवतो.’ मला नोकरी सोडावी लागेल का? – एक वाचक, स्विंडन

उत्तर : नाही. नोकरी अजिबात सोडू नका. प्री-सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडताना युरोपीय नागरिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी काढलेल्या ईयू सेटलमेंट स्कीम या योजनेतला कायम वास्तव्याआधीचा परवाना, तुमच्या नावावर आहे. नवऱ्याने फोन केला, पत्र पाठवलं म्हणून ते रद्द होत नाही. तो वेगळा राहायला गेला यानेही काही बिघडलेलं नाही. या योजनेत घटस्फोटाचा अंतिम आदेश निघेपर्यंत तुम्ही त्याची पत्नीच धरल्या जाता, मग दोघं एका छपराखाली असा वा नसा.

घटस्फोट झाल्यानंतरही राहण्याचा हक्क राखता येतो. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. घटस्फोटाचा अर्ज दाखल होण्याआधी लग्नाला किमान ३ वर्षं झालेली असावीत, आणि लग्न टिकून असताना दोघांनी ब्रिटनमध्ये किमान १ वर्ष सलग काढलेलं असावं. तुमची पहिली अट जानेवारी २०२३ मध्ये पुरी झाली, दुसरी मे २०२३ मध्ये. त्यामुळे अर्ज आता कोणीही आणि केव्हाही दाखल केला तरी त्या धमकीत काही दम नाही.

ज्यांची ३ वर्षं अजून भरायची आहेत त्यांच्यासाठी ही मोजणी नीट सांगतो, कारण चूक इथेच होते. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो. अर्ज निघाल्यापासून २० आठवड्यांनी सशर्त आदेश आणि त्यानंतर ६ आठवड्यांनी अंतिम आदेश मागता येतो. पुष्कळ जणींना वाटतं, ‘अजून सहा महिने हातात आहेत, तोवर ३ वर्षं भरतील.’ तसं होत नाही. ३ वर्षं अर्जाच्या तारखेपर्यंत मोजतात. नंतरचे २६ आठवडे त्यात धरत नाहीत. लग्नाला २ वर्षं १० महिने झाले असतील, तर रागाच्या भरात आपणच अर्ज टाकणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. नवऱ्याने अर्ज टाकला तर तो थांबवणं अवघड आहे, पण तुम्ही घाई करण्याचं काहीच कारण नाही. घरात छळ झाला असेल, किंवा मुलांचा ताबा तुमच्याकडे असेल, तर ३ वर्षं भरलेली नसतानाही हक्क राखण्याची वाट आहे.

गोव्याच्या लोकांसाठी आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी पहिली सही होते आणि नोटिशीची मुदत संपल्यावर दुसरी. देवळातला किंवा हॉलमधला विधी कधीही झालेला असो, तिकडे धरतात ती दाखल्यावरची लग्नाची तारीख. या योजनेत मागाहून जाणाऱ्या जोडीदाराचं लग्न ३१ डिसेंबर २०२० पर्यंत झालेलं असावं लागतं. विधी डिसेंबरात आणि दुसरी सही जानेवारी २०२१ मध्ये झाली असेल, तर तुम्ही वेगळ्याच नियमात जाता. तेव्हा आधी दाखला काढून तारीख वाचा.

आता तुम्ही करायचं ते. ५ वर्षं मे २०२७ मध्ये भरतील; तेव्हा सेटल्ड स्टेटससाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी, अर्ज करा. अर्जाला शुल्क नाही. प्री-सेटल्ड असलेल्यांसाठी जुलै २०२५ पासून गैरहजेरीचा नियम सैल झाला आहे. गेल्या ६० महिन्यांत एकूण ३० महिने ब्रिटनमध्ये राहिल्याचं दाखवता आलं तर चालतं. तरीही पगाराच्या पावत्या, वर्षाअखेरचा पी-६० (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), कौन्सिल टॅक्सची बिलं आणि बँकेचे उतारे महिन्यागणिक लावून ठेवा. घटस्फोट झाला असेल तर अंतिम आदेश आणि लग्नाचा दाखलाही जोडावा लागेल.

अर्ज अडकतो तो बहुधा एकाच कागदापायी. नवऱ्याच्या पोर्तुगीज पासपोर्टची किंवा ओळखपत्राची प्रत आणि अर्ज दाखल होईपर्यंत तो ब्रिटनमध्ये राहत होता याचा पुरावा. घर सोडताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आज मिळत असेल तर आजच फोटो काढून ठेवा. मिळतच नसेल, तर का मिळत नाही ते अर्जात स्पष्ट लिहा. कारण पटलं तर अधिकारी पर्यायी पुरावा घेऊ शकतात आणि सरकारी नोंदीही तपासू शकतात.

मालक विचारेल तेव्हा शेअर कोड, म्हणजे तुमचा कामाचा हक्क ऑनलाइन तपासायचा सरकारी संकेतांक, काढून द्या. ‘नवऱ्याचं काय?’ हे विचारण्याचा मालकाला अधिकार नाही. त्याला कोड टाकल्यावर दिसणारा कामाचा हक्क पुरेसा आहे. बेकायदा कामगार ठेवल्याबद्दल पहिल्या चुकीला माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे, म्हणून मालक घाबरतात आणि नको तेवढं विचारतात.

आयर्लंडला गेलेल्यांनी चौथी तारीख सांभाळावी. युरोपीय न्यायालयाने २०१५ साली आयर्लंडच्याच एका प्रकरणात सांगितलं, की युरोपीय नागरिक असलेला जोडीदार घटस्फोटाचा अर्ज दाखल होण्याआधीच देश सोडून गेला तर मागे राहिलेल्याचा हक्क टिकत नाही. नवरा गोव्याला किंवा लिस्बनला कायमचा परतायच्या गोष्टी करत असेल, ३ वर्षं भरली असतील आणि नातं खरोखर संपलं असेल, तर तो देशात आहे तोवरच अर्ज दाखल झाला पाहिजे. वर ‘घाई नको’ म्हटलं आणि इथे ‘उशीर नको’ म्हणतो आहोत, ते याच कारणाने.

प्रश्न : बहिणीचं लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झालं. नवरा पोर्तुगीज नागरिक, लेस्टरला सेटल्ड. ती स्पाउस व्हिसावर गेली, ३३ महिन्यांचा. केअर होममध्ये काम करते. दहा महिन्यांचं बाळ आहे, तिथेच जन्मलेलं. दोन महिने वेगळी राहते. होम ऑफिसला (ब्रिटनच्या गृहखात्याला) अजून काही कळवलेलं नाही. गप्प राहिलेलं बरं का? – एक भाऊ, मडगाव

उत्तर : गप्प राहणं बरं नाही. पहिल्या पत्रातल्या बाईंचे नियम तुमच्या बहिणीला लागू नाहीत. नवऱ्याचा पासपोर्ट तोच असला तरी. तिचं लग्न २०२० नंतरचं आहे, ती ब्रिटनच्या साध्या जोडीदार-नियमाने गेली आहे, आणि तिथे धरतात ती पहिली तारीख: नातं संपून वेगळे झालात ती. वेगळं झाल्याचं होम ऑफिसला कळवणं बंधनकारक आहे. कळवल्यावर व्हिसा साधारणपणे ६० दिवसांवर आणला जातो. मूळ मुदत त्याआधी संपत असेल तर तीच राहते. निर्णयाचं पत्र येईपर्यंत तिचं काम कायदेशीर आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पुढचा मार्ग नक्की करा, त्याचे कागद जमवा, मग कळवा, आणि मुदत शिल्लक असतानाच नवा अर्ज टाका. मुदतीत अर्ज गेला की निर्णय होईपर्यंत जुन्या अटी, काम करण्याच्या परवानगीसह, आपोआप चालू राहतात. या काळात मालकाला एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडून पडताळणी मिळते, ती ६ महिने चालते. हे मालकाला आधीच सांगून ठेवावं. नाहीतर त्याच्या संगणकावर जुनी मुदत संपलेली दिसते आणि तो कामावरून काढतो.

तुमच्या बहिणीचा सगळ्यात भक्कम आधार तिचं बाळ आहे. बाळ जन्मलं त्या दिवशी वडिलांकडे सेटल्ड स्टेटस असेल, तर ब्रिटनमध्ये जन्मल्यामुळे ते बाळ जन्मतःच ब्रिटिश नागरिक आहे. वडिलांकडे तेव्हा नुसतं प्री-सेटल्ड असेल तर नाही. म्हणून पहिलं काम, वडिलांना सेटल्ड स्टेटस कोणत्या तारखेला मिळालं त्याचा पुरावा शोधणं आणि बाळाच्या ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज करणं. बाळ ब्रिटिश असेल आणि आईजवळ राहत असेल, तर तिला पालक म्हणून अर्ज करता येतो. हा परवाना ३० महिन्यांचा असतो, त्यावर कोणतीही नोकरी चालते, आणि ५ वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते. पत्नी म्हणून काढलेली वर्षं त्यात धरत नाहीत. जीपीच्या (नेहमीच्या डॉक्टरच्या) नोंदी, पाळणाघराची पत्रं, लसीकरणाचं पुस्तक, आई बाळाला घेऊन जाते असं दाखवणारं सगळं जपून ठेवा.

ज्यांना मूल नाही त्यांच्यासाठी नोकरीवरचा स्किल्ड वर्कर व्हिसा उरतो. देश न सोडता या व्हिसावर जाता येतं, पण २२ जुलै २०२५ पासून तो बराच अवघड झाला आहे. पगार साधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पौंड किंवा त्या कामाचा ठरलेला दर, यातला जो जास्त असेल तो. काम पदवीच्या पातळीचं आणि मालकाकडे स्पॉन्सरचा परवाना, म्हणजे परदेशी माणूस कामावर ठेवण्याची सरकारी मान्यता. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. केअर वर्करसाठी बाहेरून येणं बंद झालं, पण आधीपासून देशात असलेल्या आणि त्याच परवानाधारक मालकाकडे किमान ३ महिने कायदेशीर काम केलेल्या माणसाला आतून बदल करण्याची सवलत २२ जुलै २०२८ पर्यंत ठेवली आहे. आज केअर होममध्ये असलेल्या बायकांनी आपल्या मालकाकडे स्पॉन्सर परवाना आहे का, हे नातं बिघडू लागताच विचारून ठेवावं. ६० दिवस सुरू झाल्यावर विचारायला गेलं तर वेळ पुरत नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं. अर्ज प्रलंबित असताना घरी येऊ नका. ब्रिटन आणि आयर्लंडच्या सामाईक हद्दीबाहेर पाऊल पडलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. ‘चार दिवस आईकडे राहून येते’ म्हणून निघालेली मुलगी परत जाऊ शकत नाही.

प्रश्न : जावई चवथीला मुलीला घेऊन घरी आला. पाच दिवसांनी ‘कंपनीतून बोलावणं आलं’ म्हणून एकटा परत इंग्लंडला गेला. जाताना तिचा पासपोर्ट घेऊन गेला. आता फोन उचलत नाही. ती स्पाउस व्हिसावर होती. नवरा ब्रिटिश नागरिक. तिचं सामान, नोकरी, सगळं तिकडे. – एक वडील, डिचोली तालुका

उत्तर : जे झालं ते कायद्याला ठाऊक आहे आणि ते छळ म्हणूनच धरलं जातं. पत्नीला मायदेशी आणून कागदांविना सोडून देण्याला ब्रिटनच्या नियमांत आता स्वतंत्र जागा आहे. ३१ जानेवारी २०२४ पासून, शेवटचा परवाना जोडीदार म्हणून असलेल्या आणि अशा रीतीने बाहेर अडकवलेल्या बाईला भारतातूनच अर्ज करून थेट कायम वास्तव्य मागता येतं. नवऱ्याची संमती लागत नाही. शुल्क परवडत नसेल तर माफी मागता येते.

या आठवड्यात करायच्या गोष्टी. पोलिसांत लेखी तक्रार द्या, पणजीला महिला पोलीस ठाणं आहे. तक्रारीत पासपोर्ट नवऱ्याने नेला हे स्पष्ट लिहा. ‘हरवला’ असं लिहून मोकळं होण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. पुढच्या अर्जात तुमचा मुख्य पुरावाच नवऱ्याने कागद काढून घेतले हा आहे, आणि ‘हरवला’ हा शब्द तो पुरावा पुसून टाकतो. त्या तक्रारीच्या प्रतीवर पणजीच्या पासपोर्ट कार्यालयात नव्या पासपोर्टसाठी अर्ज करा.

त्याच दिवशी मुलीच्या यूकेव्हीआय (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्यात शिरून पाहा. ३१ डिसेंबर २०२४ नंतर जुनी प्लास्टिकची कार्डं संपली. आता परवाना ऑनलाइन ई-व्हिसात असतो. हे खातं पुष्कळदा नवऱ्यानेच स्वतःच्या ईमेलवर आणि फोनवर उघडून दिलेलं असतं. म्हणजे तिच्या परवान्याची किल्ली त्याच्याकडे. खात्यातला ईमेल आणि फोन तिचा करून घ्या, परवाना चालू आहे की कापला गेला ते पाहा, आणि नवा पासपोर्ट आल्यावर त्याचा क्रमांक खात्यात घाला. तो न घालता विमानतळावर गेलं तर विमान कंपनीला तिचा परवाना दिसत नाही आणि बसू देत नाहीत.

परवाना अजून चालू दिसला तरी ‘नवऱ्याकडे चालले आहे’ असं सीमेवर सांगून जाऊ नये. नातं संपलेलं असताना तसं सांगणं खोटं ठरतं आणि पुढचे सगळे मार्ग अडवतं. पुराव्यात विमानाची तिकिटं ठेवा, विशेषतः त्याचं परतीचं आहे आणि तिचं नाही किंवा रद्द केलं गेलं असं दाखवणारी. व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका. पैसे न देणं, फोन काढून घेणं, ‘व्हिसा रद्द करीन’ अशा धमक्या, हे सगळं छळात बसतं. अंगावर वळ असण्याची गरज नाही. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या प्रकरणांसाठी वेगळा कक्ष आहे, तिथेही लेखी कळवा.

ज्या बायका अजून ब्रिटनमध्येच आहेत आणि छळ सोसत आहेत, त्यांच्यासाठी ३ महिन्यांची तातडीची सवलत आहे. तिच्यावर सरकारी मदत मिळते आणि त्या ३ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज टाकायचा असतो. पण इथे जपून. ही सवलत घेतली की आधीचा परवाना संपतो. ब्रिटिश किंवा सेटल्ड माणसाच्या पत्नीला पुढे कायम वास्तव्याची वाट आहे. नवरा विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर असेल, तर सवलत मिळते, पण पुढची ती वाट नाही. ३ महिन्यांनी हात रिकामे राहू शकतात. अर्ज भरण्याआधी अधिकृत सल्लागाराला विचारा. ब्रिटनमध्ये असा सल्ला सॉलिसिटरसारखा नोंदणीकृत वकील किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागारच देऊ शकतो. म्हापशाच्या किंवा साउथॉलच्या ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला ती मुभा नाही.

प्रश्न : मी म्युनिकला ब्लू कार्डवरच्या (उच्चशिक्षितांच्या युरोपीय नोकरी-परवान्यावरच्या) नवऱ्याबरोबर २ वर्षं ४ महिने राहते. त्याला वेगळं व्हायचं आहे. मी एमएस्सी आहे, अर्धवेळ काम करते. – एक वाचक, मूळची पणजीची

उत्तर : जर्मनीत घटस्फोटाच्या आदेशाची वाट पाहत नाहीत. एकत्र संसार थांबला की नात्यावरचा परवाना डळमळतो. स्वतंत्र परवान्यासाठी जर्मनीतच किमान ३ वर्षं एकत्र संसार झालेला लागतो. भारतातली वर्षं धरत नाहीत. ती भरली तर १ वर्षाचा स्वतःचा परवाना मिळतो आणि पुढची मुदतवाढ स्वतःच्या उत्पन्नावर. घरात हिंसा असेल तर ३ वर्षांची अट सोडतात. नवरा एकत्र राहत असताना वारला तरीही सोडतात.

तुमचे ८ महिने कमी पडतात. वेगळं होण्याची तारीख खोटी सांगून ते भरून काढायचा मोह होईल, पण तो गुन्हा आहे आणि घटस्फोटाच्या कोर्टात नवरा खरी तारीख सांगणारच, कारण तिथे एक वर्ष वेगळं राहिल्याचं दाखवावं लागतं. त्यापेक्षा तुमची पदवी वापरा. ती अनाबिन नावाच्या सरकारी सूचीत मान्य दिसते का ते पाहा. नसेल तर ती जर्मन पदवीच्या तोडीची असल्याचा तुलनेचा दाखला मागवा. मान्य पदवी आणि कौशल्याचं पूर्णवेळ काम असेल, तर पदवीधरांचा साधा परवाना मिळतो. त्याला ४५ वर्षांखालच्या माणसाला ब्लू कार्डासारखी पगाराची मोठी अट नाही. तुमच्या सध्याच्या कार्डावर कामाची परवानगी छापलेली आहे, म्हणजे नोकरी आजपासून शोधता येते. अर्धवेळ कामाचं पूर्णवेळ होत असेल तर तेच आधी करा.

प्रश्न : मुलगी दुबईला जावयाच्या व्हिसावर आहे. घटस्फोट होणार. लगेच निघावं लागेल का? – एक आई, पेडणे

उत्तर : नाही. २०१८ पासून संयुक्त अरब अमिरातीत घटस्फोटित आणि विधवा स्त्रियांना, त्यांच्या मुलांसह, स्पॉन्सरशिवाय १ वर्षाची मुदत मिळू शकते. ती घटस्फोटाच्या किंवा मृत्यूच्या तारखेपासून मोजतात. अट अशी की त्या दिवशी तिचा नवऱ्याच्या नावावरचा व्हिसा चालू असायला हवा. म्हणून घटस्फोटाआधी जावयाने तो रद्द करू नये किंवा संपू देऊ नये, यावर लक्ष ठेवा. मुलीला नोकरी असेल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे आत्ताच कंपनीच्या व्हिसावर जाणं. मग नवऱ्याच्या सहीशी संबंधच उरत नाही. मुदत उलटून राहिलं तर दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. आणि गोव्यातले दाखले तिथे नुसत्या अपोस्टीलवर (परदेशी वापरासाठी कागद खरा असल्याच्या सरकारी शिक्क्यावर) चालत नाहीत. दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. त्याला वेळ जातो, लग्नाच्या दाखल्याचं काम आजच सुरू करा.

प्रश्न : लग्नाला ४ वर्षं झाली. नवऱ्याच्या नात्याने मला पोर्तुगीज नागरिकत्व मिळेल का? घटस्फोटानंतर ते काढून घेतात का? – एक वाचक, साखळी

उत्तर : लग्नाला ३ वर्षांहून जास्त झाल्यावर अर्ज करता येतो, पण लग्न टिकून असतानाच. घटस्फोटानंतर तो हक्क नाही. आधी लग्नाची नोंद पोर्तुगालच्या दप्तरात झालेली लागते. ती नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. एकदा रीतसर मिळालेलं नागरिकत्व घटस्फोटामुळे जात नाही. मात्र ते घेताच भारतीय नागरिकत्व जातं. आणि निव्वळ नव्या पोर्तुगीज पासपोर्टवर आता ब्रिटनमध्ये काम करता येत नाही. तो दरवाजा ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी मात्र खुले होतात.

प्रश्न : कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाबद्दल दोन ओळी सांगाल का? – काही वाचक

उत्तर : कॅनडात जोडीदार म्हणून कायम वास्तव्य मिळालं असेल तर नंतर वेगळं झाल्याने ते जात नाही, एकत्र राहण्याची २ वर्षांची अट एप्रिल २०१७ मध्ये काढली. अर्ज अजून चालू असेल तर मात्र कळवावं लागतं आणि तो बारगळतो. छळ झालेल्यांना तिथे शुल्काशिवाय तात्पुरता परवाना मिळतो. ऑस्ट्रेलियात तात्पुरता पार्टनर व्हिसा हातात असताना नातं संपलं, तर हिंसा, सामाईक मूल किंवा जोडीदाराचा मृत्यू यांपैकी कारण असल्यास कायम व्हिसा तरीही मिळू शकतो. तिथेही कळवणं आपल्यावर.

प्रश्न : इंग्लंडमधून नवऱ्याने घटस्फोटाच्या कागदांबरोबर गोव्यातल्या घराचं मुखत्यारपत्रही सहीला पाठवलं आहे. ‘सही केलीस तर तुझ्या व्हिसाला त्रास देणार नाही’ म्हणतो. – एक वाचक, फोंडा तालुका, सध्या इंग्लंडमध्ये

उत्तर : सही करू नका. तुमच्या परवान्याचा त्या घराशी काहीही संबंध नाही. व्हिसाचा निर्णय होम ऑफिस घेतं, आणि नवऱ्याच्या हातात असलेली एकमेव गोष्ट, वेगळं झाल्याचं कळवणं, ती तो सही घेऊनही करू शकतो. ‘व्हिसा’ शब्द वापरून मालमत्तेवर सही मागणं हा आर्थिक छळ आहे. तो संदेश जपा. वर सांगितलेल्या छळाच्या अर्जात तो पुरावा म्हणून चालेल.

गोव्याच्या कायद्याने, वेगळा करार केलेला नसेल तर, लग्नाने दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि अर्धा वाटा तुमचा असतो. स्थावर विकायला म्हणूनच नवऱ्याला तुमची सही लागते. परदेशात बसून मुखत्यारपत्र दिलं की ते घर तुमच्या नकळत विकता येतं.

घटस्फोटाचं म्हणाल, तर इंग्लंडच्या आदेशावर तिथला परवाना आणि तिथलं पुनर्लग्न चालतं. गोव्यातल्या नोंदीत ते आपोआप उतरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली घातलेला दंडक असा, की परदेशी कोर्टाचा घटस्फोट इथे मानायचा तर तो आपल्या लग्नाला लागू असलेल्या कायद्यातल्या कारणावर असावा आणि दुसऱ्या बाजूने ते कोर्ट मनापासून मानलेलं असावं. तुम्ही त्या खटल्यात कुठल्या कागदावर काय उत्तर देता, याचा इथल्या वाट्यावर परिणाम होतो. कोर्टाचे कागद आले आहेत एवढी पोच ठरलेल्या मुदतीत द्या, ती टाळू नका. पण मालमत्तेच्या मजकुरावर गोव्यातल्या वकिलाने वाचल्याशिवाय काहीही लिहून देऊ नका. मुखत्यारपत्र आधीच दिलं असेल तर ते लेखी रद्द करून त्याची सूचना नवऱ्याला, ज्याच्या नावे ते आहे त्याला, आणि घर ज्या तालुक्यात आहे तिथल्या सब-रजिस्ट्रारला पोचवा. तिन्ही पावत्या जपून ठेवा.